कॉलेजच्या मुलांचा बास्केटबॉल संघ: जुलै ते जानेवारीचा मोसम कसा काढायचा

कॉलेज संघाचा मोसम कागदावर सहा-सात महिन्यांचा दिसतो, पण प्रत्यक्षात तो चार-पाच सामन्यांत आटोपतो. विभागीय आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा बहुधा बाद पद्धतीने होते. सकाळच्या सामन्यात हरलात तर दुपारच्या जेवणाआधी घरी. अमेरिकेतल्या कॉलेज संघांना एका मोसमात तीसच्या आसपास सामने मिळतात, त्यामुळे नोव्हेंबरमध्ये चाचपडणारा संघ मार्चपर्यंत बसतो. आपल्याकडे ती सोय नाही. म्हणून तयारी एकाच गोष्टीची करायची: पहिले दोन सामने फुकट घालवायचे नाहीत. सामने फुकट जातात त्या जागा वर्षानुवर्षे त्याच आहेत. अपुरी कागदपत्रं, फालतू फाऊल, चुकलेले फ्री थ्रो (फाऊलनंतर मिळणारे मोकळे शॉट) आणि प्रेस, म्हणजे समोरच्याने पूर्ण कोर्टभर अंगाला चिकटून केलेला बचाव, लागली की उडणारी धांदल.

पुढची मांडणी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या पद्धतीला धरून आहे. आधी पुणे शहर, पुणे जिल्हा, अहिल्यानगर आणि नाशिक अशा विभागांत कॉलेज विरुद्ध कॉलेज, मग आंतरविभागीय, त्यातून विद्यापीठाचा संघ, आणि तो संघ पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धेला. म्हणजे कॉलेजच्या जर्सीचं काम विभागातच संपतं. पुढे जायचं ते खेळाडूने, स्वतःच्या खेळावर. हे मुलांना जुलैतच सांगून ठेवलेलं बरं, नाहीतर निवडीच्या दिवशी रुसवेफुगवे होतात.

जुलै: आधी फाईल, मग बॉल

प्रवेश झाले की पहिल्याच आठवड्यात प्रत्येक खेळाडूची प्लास्टिक फोल्डरमध्ये वेगळी फाईल लावा. त्यात दहावीची गुणपत्रिका किंवा जन्मदाखला, बारावीची गुणपत्रिका, मागच्या वर्षाचा निकाल, चालू वर्षाची फी पावती, कॉलेजचं ओळखपत्र, चार फोटो आणि आधारची प्रत. मध्ये वर्ष गेलं असेल तर गॅपचं प्रमाणपत्र, दुसऱ्या बोर्डातून किंवा विद्यापीठातून आला असेल तर मायग्रेशन (स्थलांतर) प्रमाणपत्र. भारतीय विद्यापीठ महासंघाच्या स्पर्धांसाठी १ जुलै रोजी वय १७ ते २५ च्या आत असावं लागतं. एम.ए.-एम.बी.ए.च्या मुलांची जन्मतारीख म्हणून आधी तपासा.

घोळ कुठे होतो? मायग्रेशनमध्ये. मुलगा म्हणतो "अर्ज केलाय सर", पण अर्जाची पावती पात्रता समिती बहुधा मान्य करत नाही. दुसरा घोळ नावाचा. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, ओळखपत्रावर शेवटी, आणि वडिलांच्या नावाचं स्पेलिंग तिसरंच. प्रवेशिका भरताना गुणपत्रिकेवरचं नाव अक्षरशः उतरवा. तिसरा घोळ म्हणजे प्राचार्यांची सही आहे, पण शिक्का फोटोवर अर्धा आलेला नाही. शेवटच्या दिवशी प्राचार्य मीटिंगला बाहेरगावी असतात हे गृहीत धरा आणि सह्या आठ दिवस आधी घ्या.

निवड चाचणी दोन दिवस ठेवा. एका दिवसात फक्त उंच मुलं आणि आदल्या वर्षीची ओळखीची मुलं दिसतात. पहिल्या दिवशी पाच गोष्टी पाहा: डाव्या हाताचा ले-अप, म्हणजे धावत जाऊन रिंगजवळून टाकलेला शॉट (१० पैकी किती), बेसलाइन ते बेसलाइन (रिंगमागच्या एका रेषेपासून दुसरीपर्यंत) धावणं, बचावाच्या पवित्र्यात आडवं सरकणं, धावून दमल्यावर १० फ्री थ्रो, आणि दोन्ही हातांनी छातीतून लांब पास. दुसऱ्या दिवशी नुसते तीन विरुद्ध तीन. बॉल हातात नसताना मुलगा उभा राहतो की जागा शोधतो, एवढंच बघायचं. १५ मुलं घ्या. सामन्याच्या यादीत १२ च जातात, पण सप्टेंबरपर्यंत एक घोटा, एक सबमिशन आणि एक इंटर्नशिप तीन जण कमी करतेच.

कोर्ट मोजून घ्या

अनेक कॉलेजांच्या कोर्टवर अजून जुन्या रेषा आहेत. रिंगखाली समलंब आकार आणि ६.२५ मीटरची तीन गुणांची रेषा. हे माप २०१० मध्येच बदललं. सहा आठवडे जुन्या रेषेवरून सराव केलेला शूटर स्पर्धेच्या कोर्टवर गेला की त्याचा बॉल रिंगच्या पुढच्या कडेला लागतो, आणि सगळे म्हणतात "आज हात चालत नाही". हात ठीक असतो, अंतर अर्ध्या मीटरने वाढलेलं असतं.

दोन माणसं, टेप, सुतळी, खडू आणि एक ओळंबा एवढ्यावर सकाळच्या दोन तासांत काम होतं. रिंगच्या मध्यातून ओळंबा सोडा आणि जमिनीवर खूण करा. हा बिंदू बेसलाइनच्या आतल्या कडेपासून १.५७५ मीटरवर यायला हवा. तो पुढेमागे असेल तर खांब सरकलेला किंवा कललेला आहे, आणि तसं असल्यास रंगाचा डबा उघडण्याआधी वेल्डर बोलवा. या बिंदूवरून ६.७५ मीटर सुतळीने कंस मारा. दोन्ही साइडलाइनपासून ०.९० मीटर आत सरळ रेषा ओढा. बेसलाइनपासून २.९९ मीटरवर ती कंसाला मिळते. मिळाली नाही तर मोजणीत कुठेतरी चूक आहे. फ्री थ्रोची रेषा बेसलाइनच्या आतल्या कडेपासून ५.८० मीटर, तिच्या लांबच्या कडेपर्यंत मोजून. रिंगखालचा चौक ४.९० मीटर रुंद. सगळ्या रेषा ५ सेंटिमीटर जाडीच्या.

रिंगची उंची ३.०५ मीटर, ती पुढच्या आणि मागच्या कडेला वेगवेगळी मोजा. मुलं लटकून लटकून पुढची कड खाली झुकवतात. अशा रिंगवर बॉल आत जायला सोपा जातो आणि मुलांची टक्केवारी खोटी चांगली दिसते.

पावसाळ्यात उघड्या सिमेंट कोर्टवर शेवाळ धरतं. ब्लीचिंग पावडर टाकून अर्धा तास ठेवायचं, खराट्याने घासायचं, धुवायचं, मग वायपर. ओलं कोर्ट असेल त्या दिवशी धावायला लावू नका. वर्गात बसून नियम आणि आखणी घ्या, जिन्यावर पायांचा व्यायाम घ्या, भिंतीवर पास मारायला लावा. घसरून गुडघा गेला की तो मोसमात परत येत नाही.

बॉल ७ नंबरचे, निदान ८ हवेत. सिमेंटवर रोजच्या सरावाला रबरी, आणि सामन्यासाठी दोन चांगले कंपोझिट वेगळे ठेवा. पण शेवटच्या पंधरवड्यात शूटिंग त्याच दोन बॉलनी घ्या, कारण पकड वेगळी लागते. हवा बघायची ढोबळ पद्धत अशी: १.८० मीटरवरून सोडलेला बॉल साधारण १.२० ते १.४० मीटर उसळला पाहिजे. सुई ओली करून घाला, कोरडी घातली की व्हॉल्व्ह फाटतो.

ऑगस्ट: सरावाचं वेळापत्रक

आठवड्याला पाच दिवस, १०० मिनिटं. बहुतेक कॉलेजांत सकाळी ६ ते ७:४० हीच वेळ टिकते. संध्याकाळी प्रॅक्टिकल असतात, आणि पुण्यात गणपतीच्या आधीचे दोन महिने अर्धा संघ ढोल-ताशा पथकात असतो. पथकाला मनाई करून उपयोग होत नाही, मुलं खोटं बोलायला शिकतात. त्यापेक्षा आठवड्याचे कोणते दिवस पथक ते लिहून घ्या आणि दुसऱ्या दिवशी शूटिंग कमी, पायांचं काम जास्त ठेवा. टिपरू धरून बोटांना फोड आलेला मुलगा शूटिंगचा हात नकळत बदलतो, आणि ती सवय घालवायला महिना लागतो. दहीहंडीच्या थरात खालच्या फळीत उभं राहायला मात्र सरळ नाही म्हणा. खांदा गेला की हात वर जात नाही.

१०० मिनिटांची वाटणी साधारण अशी: १२ मिनिटं वॉर्म-अप, १० ड्रिब्लिंग, १५ ले-अप आणि जवळचे शॉट, १८ शूटिंग, २० बचाव, २५ पाच विरुद्ध पाच. फ्री थ्रो या सगळ्यांच्या मध्ये पेरायचे. सिमेंटवर पहिल्या दोन आठवड्यांत उड्यांचे व्यायाम घेऊ नका. जुलैत सुट्टीवरून आलेल्या मुलांच्या नडग्या त्यानेच दुखायला लागतात, आणि एकदा लागल्या की ऑक्टोबरपर्यंत सोडत नाहीत.

फ्री थ्रोचा हिशेब मुलांना फळ्यावर मांडून दाखवा. सामन्यात २० मिळाले आणि संघ ६० टक्क्यांवर असेल तर १२ गुण, ७५ टक्क्यांवर असेल तर १५. विभागीय उपांत्य फेऱ्या अशाच दोन-तीन गुणांनी जातात. सराव करताना एका जागी उभं राहून सलग पन्नास मारण्यात अर्थ नाही, कारण सामन्यात असे पन्नास कधी मिळत नाहीत. धावण्याचा एक तुकडा झाला की लगेच दोन मारायचे, छाती धपापत असताना. दिवसभरात प्रत्येकी १५ जोड्या, म्हणजे ३० फ्री थ्रो. वहीत आकडा रोज लिहायचा, आणि तो मुलाने सांगायचा नाही, रिंगखाली बॉल उचलणाऱ्याने सांगायचा. महिनाअखेर जो ७० टक्क्यांच्या वर आहे, तोच शेवटच्या मिनिटात बॉल हातात ठेवेल. हा नियम आधीच जाहीर करा.

फाऊल

एका क्वार्टरमध्ये संघाचे चार फाऊल झाले की पाचव्यापासून समोरच्याला दोन फ्री थ्रो. क्वार्टर दहा मिनिटांचा. पहिल्या चार मिनिटांत चार फाऊल करून बसलात तर उरलेली सहा मिनिटं बचाव हात मागे बांधूनच. फालतू फाऊल तीन प्रकारचे. अर्ध्या कोर्टाजवळ ड्रिब्लिंग करणाऱ्याच्या हातात हात घालणं, तीन गुणांचा शॉट मारणाऱ्याच्या अंगावर जाणं, आणि स्वतःचा बॉल गेला म्हणून चिडून मागून पकडणं. तिसरा सर्वांत महाग, कारण पंच त्याला अनस्पोर्ट्समनलाइक (खिलाडूवृत्तीविरुद्धचा फाऊल) देऊ शकतात. मग दोन फ्री थ्रो आणि वर बॉलही त्यांच्याकडेच.

बेंचवरच्या एका मुलाचं कामच फाऊल मोजणं. प्रत्येक फाऊलनंतर तो संघाचा आकडा ओरडेल, आणि कोणाचे वैयक्तिक किती झाले ते प्रशिक्षकाला सांगेल. ज्याचे पहिल्या क्वार्टरमध्ये दोन झाले तो मध्यंतरापर्यंत बाहेर. तिसऱ्या क्वार्टरमध्ये चौथा झाला की शेवटची पाच-सहा मिनिटं उरेपर्यंत बाहेर. पाचव्याला तो कायमचाच बाहेर जातो.

प्रेस लागली की

कमी तयारीच्या संघाला अनुभवी संघ पहिल्या पाच मिनिटांत पूर्ण कोर्ट प्रेस लावतो. आठ सेकंदांत बॉल अर्ध्या रेषेपलीकडे न्यायचा असतो, प्लेमेकर (बॉल पुढे नेणारा खेळाडू) घाबरून एकटाच ड्रिबल करत सुटतो, आणि १० गुण हां हां म्हणता जातात. याचं उत्तर पाठ करून ठेवता येतं.

बास्केट खाल्ल्याबरोबर बॉल उचलायचा तो ठरलेल्या एकाच खेळाडूने, शक्यतो उंच आणि थंड डोक्याच्या. बास्केट झाल्यानंतरच्या थ्रो-इनला (रेषेबाहेरून बॉल आत देताना) बेसलाइनच्या मागे डावी-उजवीकडे पळायची मुभा असते. बहुतेक मुलांना हे माहीत नसतं आणि ती एका जागी खिळून पाच सेकंद घालवतात. पण फाऊलनंतर किंवा बॉल बाहेर गेल्यानंतर ही मुभा नाही, तिथे पळालात तर बॉल गेला. पास घेणाऱ्याने कोपऱ्यात घ्यायचा नाही, फ्री थ्रो रेषेच्या टोकाजवळ घ्यायचा. घेतला की लगेच जमिनीवर टाकायचा नाही. आधी पिव्होटवर (एक पाय जागीच ठेवून) वळून समोर बघायचं. एक खेळाडू मध्यवर्तुळातून बॉलकडे धावत येतो, दुसरा त्याच बाजूच्या साइडलाइनला, तिसरा लांब पुढे. पास मधल्याला, मधल्याने विरुद्ध बाजूला. दोन पास, बॉल पलीकडे.

सर्वांत धोक्याची जागा म्हणजे अर्धी रेषा ओलांडल्याबरोबरचा साइडलाइनचा कोपरा. मागे जाता येत नाही, बाहेर जाता येत नाही आणि समोर दोघे. तिथे ड्रिबल थांबवलं की बॉल गेला समजा. सरावात पाच विरुद्ध सात घ्या, सात बचावाला. सलग दोन आठवडे रोज १० मिनिटं असं केलं की सामन्यात पाच जण समोर आले तर मुलांना कोर्ट मोकळं वाटतं.

झोनबद्दल, म्हणजे माणसाऐवजी जागा वाटून घेऊन केलेल्या बचावाबद्दल, थोडक्यात. बहुतेक संघ २-३ झोन (पुढे दोघे, मागे तिघे) खेळतात, कारण त्यात दमछाक कमी. त्याचं मर्म फ्री थ्रो रेषेच्या मध्यावर आहे. तिथे बॉल गेला की पुढचे दोघे मागे वळतात आणि कोपरे उघडतात. बाहेरून बाहेर पास देत राहिलात तर ते नुसते सरकत राहतील.

सरावाच्या सामन्यांसाठी कॉलेजांच्या मागे लागू नका, तीही तयारीतच असतात. क्लबच्या कोर्टवर जा. पुण्यात डेक्कन जिमखाना, मुंबईत नागपाडा, नागपुरात शिवाजीनगर जिमखाना. क्लबची पोरं अंगाने खेळतात, आणि तेच हवं असतं. निदान सहा सामने होऊ द्या.

स्पर्धेचे दिवस

मॅनेजर्स मीटिंगला चार प्रश्न विचारल्याशिवाय उठू नका. सुरुवातीच्या फेऱ्यांत घड्याळ चालू ठेवणार की प्रत्येक शिट्टीला थांबवणार? २४ सेकंदांचं घड्याळ (तेवढ्या वेळात शॉट मारावा लागतो) आहे का? एका दिवसात जास्तीत जास्त किती सामने? पाऊस आला तर कुठे? २४ सेकंदांचं घड्याळ नसेल तर आघाडीवरचा संघ बॉल धरून बसू शकतो, म्हणून अशा ठिकाणी सुरुवातच जोरात हवी.

जर्सीचे दोन संच, एक फिका, एक गडद. कार्यक्रमपत्रिकेत पहिलं नाव असलेला संघ फिका घालतो. जर्सीच्या आत टी-शर्ट चालत नाही, हे कोर्टवर कळलं की मुलं खांबामागे कपडे बदलत बसतात. यादी सामन्याच्या ४० मिनिटं आधी, पहिले पाच १० मिनिटं आधी. स्थानिक स्पर्धेत कोणी काटेकोर पाहत नाही, पण सवय ठेवा. यादीत नंबर चुकला तर भांडण होतं ते ऐन सामन्यात.

खाणं सामन्याच्या तीन तास आधी: पोहे, उपमा, इडली, भाकरी-भाजी, जे रोज पचतं ते. दोन सामन्यांच्या मध्ये केळं, चिक्की, लिंबू सरबत, आणि सावलीत बसणं. वडापाव संध्याकाळी.

पहिल्या सामन्यात आठ जण फिरवा. पाचच जण ४० मिनिटं खेळवून सकाळ जिंकता येते, दुपार मात्र हातची जाते. घोटा मुरगळला तर बर्फ १५-२० मिनिटं, क्रेप बँडेज, पाय उंच. चार पावलंही टाकता येत नसतील तर थेट एक्स-रे. चालता येत असेल तरी त्या पायावर दहा लंगड्या उड्या वेदनेशिवाय मारता आल्याशिवाय परत उतरवू नका, मग तो कितीही गयावया करो.

शेवटच्या दोन मिनिटांचा सराव निदान चार वेळा झालेला हवा. दुसऱ्या अर्धात तीन टाइम-आऊट असतात, पण शेवटच्या दोन मिनिटांत दोनच वापरता येतात. तिन्ही राखून ठेवणारा एक गमावतो. समजा ३१ सेकंद उरलेत, दोन गुणांनी मागे आहात आणि समोरच्याने आत्ताच बास्केट केली. टाइम-आऊट घेतला तर थ्रो-इन पुढच्या कोर्टातून मागता येतो. पंचांना तसं सांगावं लागतं, आपोआप मिळत नाही. मात्र तिथून शॉट क्लॉक (तेच २४ सेकंदांचं घड्याळ) १४ वरच सुरू होतं. म्हणून पटकन, पहिल्या सात-आठ सेकंदांत रिंगकडे घुसा. चुकलं तरी दुसरी संधी उरते.

उलट आघाडी त्यांची, बॉलही त्यांचा आणि फाऊल करून घड्याळ थांबवायचं असेल, तर थ्रो-इन देणाऱ्याच्या हातातून बॉल सुटेपर्यंत थांबा. २०२२ च्या नियमांपासून शेवटच्या दोन मिनिटांत त्याआधी केलेल्या फाऊलला एक फ्री थ्रो आणि परत बॉल त्यांच्याकडेच, अशी शिक्षा आहे. जुन्या सवयीचे संघ इथे हमखास फसतात. बॉल आत आला की त्यांच्या सर्वांत कच्च्या शूटरला धरा, बॉलकडे हात नेऊन. तो कोण हे वॉर्म-अपमध्येच बघून ठेवलेलं असावं.

विभागानंतर

निवड समिती एकदोन सामनेच बघते, म्हणून आकडे सोबत ठेवा. प्रत्येक सामन्याला चार गोष्टी लिहा: शॉट किती मारले-किती गेले, फ्री थ्रो, आक्रमणातले रिबाउंड (आपला चुकलेला शॉट आपणच परत पकडणं), हरवलेले बॉल. यातून संघाला किती वेळा आक्रमण मिळालं ते काढता येतं. मारलेले शॉट, अधिक फ्री थ्रोचे ०.४४ पट, वजा आक्रमणातले रिबाउंड, अधिक हरवलेले बॉल. ६० शॉट, २० फ्री थ्रो, १० रिबाउंड, १८ हरवलेले बॉल म्हणजे साधारण ७७ आक्रमणं. त्यात ५८ गुण झाले असतील तर शूटिंगच्या आधी त्या १८ कडे बघा. जवळजवळ प्रत्येक चौथं आक्रमण शॉट न मारताच संपलंय.

विद्यापीठ संघात निवड झालेल्या मुलाचं शिबिर आणि सेमिस्टर परीक्षा बहुधा एकमेकांवर येतात. पश्चिम विभागीय स्पर्धेत महाराष्ट्राबरोबर गोवा, गुजरात, राजस्थान, मध्य प्रदेशची विद्यापीठं असतात, प्रवास धरून आठ-दहा दिवस सहज जातात. परीक्षा विभागाला निवडपत्राची प्रत आणि अर्ज आधीच द्या, पोच घ्या. तोंडी परवानगीवर गेलेल्या मुलाचं इंटर्नलचं शून्य नंतर कोणी दुरुस्त करत नाही. सहभागाच्या प्रमाणपत्राच्या तीन साक्षांकित प्रती करून एक कॉलेजच्या फाईलला लावा. सवलतीच्या गुणांसाठी मार्चमध्ये ती लागते, आणि तोवर मूळ प्रत घरच्या कपाटात कुठेतरी गेलेली असते.

जर्सी धुवून मोजून घ्या, कॅप्टनची सही घ्या. बॉलमधली थोडी हवा सोडून ते सावलीत ठेवा, खिडकीखाली नाही.